आजीची पुटपुट

आत्या घरीच कॉम्प्युटर दुरुस्त करी. आईबापाविना वाढणारी भाची म्हणजे तिच्या काळजाचा तुकडा. ती सतत शेजारच्या स्टुलावर बसलेली असे.

"रॅमच्या मुख्य जाती दोन," आत्या सांगत होती. "एसरॅम महागडी, पण वीज आहे तोवर सांगितलेलं धरून ठेवते. डीरॅम स्वस्त आणि भारी विसरभोळी. तिला तेच ते क्षणोक्षणी पुन्हा सांगावं लागतं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"होत्याचं नव्हतं!"

आतल्या खोलीत आजी पुटपुटत होती. घरातल्यांची नावं, एकामागून एक, संपली की पुन्हा पहिल्यापासून. जेवताना आणि झोपेतसुद्धा. घरघरत्या पंख्यासारखी ती पुटपुट सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती.

"मग आजी कुणाला सांगते गं?"

आत्या हसली. "मला काय ठाऊक, बाई! तिलाच विचार जा."

पोर धावत आत गेली. आजी नेमकी तिच्याच नावावर आली होती. पोरीने खिदळत तिच्या तोंडावर हात ठेवला. "आधी सांग, कुणाला सांगतेस?"

घर एकदम गप्प झालं. आत्याच्या हातातला पेचकस थांबला.

मग पुटपुट पुढे सुरू झाली, पुढच्या नावापासून.

आत्याने शेजारचं रिकामं स्टूल पाहिलं. हे इथे कुणी आणून ठेवलं?

"आत्या, आजी माझं नावच घेत नाहीये!" आतून रडवेला आवाज आला.

आत्या ताडकन उठली. आत तर तिची आई एकटीच होती.

"कोण आहे आत?" ती ओरडली.