झाकणावरचा हात

डॉक्टरांचा हात चिमट्याकडे गेला आणि नर्स रतनने ट्रेवर झाकण टाकलं.

टाकलं कसलं, हातातून पडलंच म्हणा. पत्र्यावर पत्रा टणकन आपटला आणि तिच्या हाताला सुटलेल्या कापऱ्याबरोबर झाकण थडथड वाजत राहिलं. बाळंतिणींच्या वॉर्डात कण्हणाऱ्या बायकासुद्धा गप्प झाल्या.

“अगं बया!” कॉटवरच्या बनुबाईची उशाशी बसलेली सासू म्हणाली. “डाक्टरच्या म्होरं झाकन घातलं की हिनं! माझी सून आसती तर...”

“मावशे, तुझीच सून टाके घेऊन पडलीय. गप बस,” झुंबरबाई आया म्हणाली.

“हा काय प्रकार आहे?” डॉक्टरांनी विचारलं. पहाटेपासून दुष्काळी कामांवरचे आजारी बघून ते आले होते. डोळे लाल, शर्टावर खडीची धूळ.

रतनने झाकणावरचा हात काढला नाही. काल हे किती सोपं वाटलं होतं! काल दुपारी कोठीच्या खोलीत ती आपल्या तान्ह्या बाळाला पाजत बसली असताना वॉर्डाच्या मुख्य नर्स, पुष्पावतीबाई, आत आल्या आणि तिच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. बाळंतिणींना ताप चढतोय. एका कॉटवरचा चिमटा तसाच दुसऱ्या कॉटवर जातोय. पण बोलायचं कसं? गेल्या साली बोलली होती ती नर्स बदलीवर लेकरंबाळं घेऊन पार पुणतांब्याला गेली. रतनची तर नोकरीही पक्की नव्हती.

पुष्पावतीबाईंनी आधी बाळाचं सरकलेलं टोपरं नीट केलं होतं. मग म्हणाल्या होत्या, “रोज रोज बोलायचं धाडस कुठून आणशील? हातानं सांग. शंका आली की झाकण टाक. पुढचं माझ्यावर.”

“टँकर कालपासून आला नाही,” डॉक्टर म्हणत होते. “दर कॉटला चिमटा उकळत बसलो तर यांना प्यायला काय द्यायचं?” हे मात्र खोटं नव्हतं. मग त्यांचा आवाज खाली आला. “तू टेंपररी आहेस ना अजून?”

रतनचा हात झाकणावरून आपोआप उचलला जायला लागला. तेवढ्यात मागून एक रुंद, स्पिरिटच्या वासाचा तळवा त्यावर येऊन बसला. झाकण वाजायचं थांबलं.

“झाकण माझं आहे, डॉक्टर. हिचा नुसता हात.” पुष्पावतीबाईंनी आवाज चढवला नाही. “ज्याला शंका येईल त्यानं झाकण टाकायचं. चिमटा उकळून येईस्तोवर कुणी काढायचं नाही, आणि टाकणाऱ्याला कुणी बोलायचं नाही. पाण्याचं म्हणाल तर माझ्या घरचा हंडा आणून ठेवलाय. आणि बदली करायचीच झाली तर माझी करा. पुणतांब्याला निदान गोदावरी तरी आहे.”

डॉक्टरांना हसायचं नव्हतं, पण हसू आलंच. त्यांनी हात मागे घेतला.

झुंबरबाईनं स्टोव्हला पंप मारला. एक कॉट झाली की चिमटा पाण्यात, पाणी उकळलं की पुढची कॉट. शेवटच्या कॉटवर खर्ड्याकडची एक कोवळी पोर होती, बांधाच्या कामावरून थेट आणलेली. टाके दुखून ती उशी चावत होती. बाहेर डॉक्टरांना न्यायला आलेला जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. आणि नेमका तेव्हाच स्टोव्ह फुरफुरून विझला.

“राकेल खल्लास,” झुंबरबाई म्हणाली.

पुष्पावतीबाईंनी चिमटा उचलला, स्पिरिटच्या बोळ्यानं खसाखसा पुसला आणि ट्रेमध्ये ठेवला. “पोरगी तळमळतीय. एवढ्या एका वेळेला चालेल.” त्यांनी चिमटा डॉक्टरांना द्यायला हात पुढे केला.

रतनने त्या हाताकडे पाहिलं. मघाशी पाठीशी आलेला तोच हात. आता मागे कुणी नव्हतं. कोठीत बाळ रडायला लागलं होतं, तिच्या छातीला पान्हा फुटत होता. कॉटवरची पोर उशी सोडून तिच्याकडेच बघत होती.

तिनं झाकण ठेवलं. पुष्पावतीबाईंच्या बोटांच्या अगदी पुढ्यात.

“आता गं बया,” सासू पुटपुटली. “हिनं मोठ्या बाईला बी सोडलं न्हाई.”

पुष्पावतीबाईंच्या कपाळाला आठी पडली. डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. रतनला वाटलं, संपलं.

आठी हळूहळू मोडली. पुष्पावतीबाईंनी हात मागे घेतला.

“झुंबरबाई, माझ्या घरचा स्टोव्ह घेऊन या, त्यात रॉकेल आहे. आणि येताना कोठीतलं बाळ घ्या कडेवर.” मग थोडं मोठ्यानं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “पाणी परत ठेवायचंय. रतनबाईंनी झाकण टाकलंय.”

डॉक्टरांनी खिडकीतून जीपवाल्याला थांबायची खूण केली आणि ते पुष्पावतीबाईंच्या शेजारी, त्यांच्यासारखेच हात पाठीमागे बांधून, पाणी उकळायची वाट बघत उभे राहिले.

रतनचा हात झाकणावर होता. झाकण वाजत नव्हतं.