बेसाला दिसणारा आकडा

‘‘त्याले एकट्याले नको ठेवू वं. त्याची साखर कधी खाली जाते, त्याचं त्यालेच समजत नाही,’’ सिंधूताई सुनेला म्हणाल्या होत्या. उन्नतीने लॅपटॉपवरून मानही वर केली नव्हती. ‘‘आई, आता मशीन आहे ना.’’

आज त्याच मशीनचा अलार्म नागपुरात, बेसाच्या फ्लॅटमध्ये वाजत होता. रविवारची दुपार होती. उन्नतीने ओट्यावरचा मोबाईल उचलला. आकडा लाल झाला होता, आणि शेजारचा बाण सरळ खाली तोंड करून होता. तिच्या नवऱ्याच्या, स्वानंदच्या दंडाला चिकटवलेलं बटणाएवढं यंत्र जर्मनीतून त्याच्या रक्तातली साखर सांगत होतं, आणि ती उतरत होती. तिथे सकाळ होती. तिने फोन लावला. पूर्ण रिंग गेली. पुन्हा लावला.

तो शाळेत होता तेव्हापासून इन्सुलिनवर होता. साखर अशी खाली गेली की तो आधी गप्प व्हायचा, मग डोळे उघडे ठेवून कुठेतरी बघत बसायचा. ग्लुकोजचं पाणी दुसऱ्या कोणीतरी तोंडाला लावावं लागायचं. नागपुरात ते उन्नती लावायची. तिच्या आधी सिंधूताई लावायच्या.

जागा उन्नतीनेच निवडली होती. स्वानंदला फ्रँकफर्टमध्ये नोकरी लागली तेव्हा त्याचा लकडगंजचा मित्र विक्की तिथेच होता. त्याने फोनवर सांगितलं होतं, ‘‘वहिनी, पाठवून द्या त्याले आमच्याकडे. चार जण आहो. बाथरूमले लाईन लागते, भांड्यावरून भांडणं होतात. पण कोणी उठला नाही तर लात मारून उठवतो आम्ही.’’ स्वानंद हसला होता. त्याला ते चाललं असतं.

उन्नतीला नाही चाललं. मायलेकींचा व्हिसा झाला की चिन्मयीला घेऊन तिथेच राहायचं होतं, आणि व्हिसासाठी घर पुरेसं मोठं दाखवावं लागतं. रोज रात्रीची जेवणं आटोपली की ती नकाशा उघडून बसायची. बालवाडी, मुलांचा डॉक्टर, बाग, झेब्रा क्रॉसिंग, सगळं बघितलं. शेवटी शहराबाहेर, ट्रेन आणि पुढे बस धरून जावं लागेल असं एर्लेनडोर्फ नावाचं गाव तिला सापडलं. दोन खोल्या, खिडकीसमोर झाडं, भाडंही कमी. इतकं शांत की तिने त्या रस्त्याची चित्रं वरखाली करून बघितली, तर एकाही चित्रात माणूस नव्हता. तिला तेव्हा ते आवडलं होतं.

व्हिसा काही झाला नाही. आधी एक कागद कमी पडला, मग तारीख पुढे गेली, मग नुसतंच थांबायला सांगितलं. चिन्मयीसाठी घेतलेला पलंग प्लास्टिकमध्येच राहिला. दिवाळीला इकडून फराळ गेला तेव्हा स्वानंदने विचारलं होतं, ‘‘वरच्या मजल्यावर एक बाई राहते. चिवडा देऊन येऊ का?’’ उन्नतीने त्या देशातल्या रीतिभातींबद्दल बरंच वाचलं होतं. ‘‘असं न विचारता कोणाच्या दारात नको जाऊस. त्यांना नाही आवडत.’’ तो गेला नाही. नंतर तो फोनवरही हळू बोलायला लागला. भिंती पातळ आहेत, म्हणायचा. चिन्मयीला वाटायचं, बाबांशी कुजबुजूनच बोलायचं असतं.

अलार्म थांबत नव्हता. उन्नतीने विक्कीला फोन लावला. तो झोपेतून उठला आणि तसाच निघाला. ‘‘वहिनी, रविवारी तिकडची बस लय कमी असते. टॅक्सी पाहून राहिलो. ॲम्बुलन्सलेही सांगतो, पण तिकडे पोचायले तिलेही वेळ लागते. तुम्ही लावत राहा त्याले.’’

तिकडच्या मदतीचा नंबर तिलाही पाठ होता. एकशे बारा. तिकडे जायच्या तयारीत पहिल्यांदा तोच लिहून ठेवला होता. तिने लावला. लगेच उचलला गेला.

‘‘बोला ताई, कुठून बोलताय?’’

आवाज मराठी होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं, हाच नंबर इथलाही आहे.

‘‘बेसा. पण पेशंट जर्मनीत आहे.’’

 पलीकडची बाई घाई न करता म्हणाली, ‘‘ताई, इथून तिकडे गाडी नाही पाठवता येत. तिकडे त्यांच्या जवळपास कोण आहे? एखादं नाव सांगा, आपण त्यांनाच फोन लावू.’’

उन्नतीला एर्लेनडोर्फची बेकरी माहीत होती. बालवाडीच्या फाटकाचा रंग माहीत होता. औषधाचं दुकान किती वाजता बंद होतं, तेही माहीत होतं. तिथल्या एकाही माणसाचं नाव तिला सांगता आलं नाही.

सिंधूताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या.  त्यांनी चिन्मयीला उचलून आत नेलं.

उन्नतीने नेटवरून तिथल्या पोलिसांचा नंबर काढला. लागला, पण रेकॉर्ड केलेला आवाज जर्मन बोलत राहिला, आणि मग संगीत सुरू झालं. तो कापून तिने पुन्हा स्वानंदला रिंग लावली आणि दुसऱ्या फोनवर सगळीकडे लिहायला घेतलं. तिकडे राहणाऱ्या मराठी लोकांच्या ग्रुपवर, कॉलेजच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर. मधूनच ती पहिल्या फोनकडे बघायची. आता तिथे आकडाही नव्हता. त्याच्या जागी नुसती आडवी रेघ होती, यंत्राकडून काही येत नव्हतं, आणि रिंग जात होती.

तिने लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचलं असेल, आणि तुम्ही त्या बाजूला असाल, किंवा तुमचं कोणी असेल, तर एवढं करा. बसस्टॉपसमोरची पिवळी इमारत, दुसरा मजला. खाली त्याच्या नावाची पाटी शोधू नका, ती त्याने लावलीच नाही. तिला म्हणाला होता, ‘‘तुम्ही दोघी आल्या की तिघांची एकदम लावू.’’ दिसेल ती बेल दाबा, आणि जो कोणी दार उघडेल त्याला घेऊन वर जा.