गुदामाच्या भिंतीवरची कांकणं

"आधी ते घमेलं खाली ठेव," बलरामची आई गवंड्याला म्हणाली.

गवंडी नंदलाल थबकला. सिमेंट कालवून तयार होतं. पोर्ट लुईच्या बंदरामागच्या या जुन्या सरकारी गुदामाचं छप्पर साठ सालच्या सिक्लोनच्या वादळात उडालं, ते आता दोन वर्षांनी दुरुस्त होत होतं. आज खिडकीखालच्या भिंतीला गिलावा चढायचा होता. आणि ही म्हातारी फिनिक्स गावाहून पहिल्या बसनं येऊन त्याच भिंतीला पाठ लावून उभी राहिली होती. सोबत नातसून चंद्रिका. लग्नाला चार महिने झालेले, तोंडातून शब्द नाही.

कामावरचा कारकून यशपाल धावत आला. मराठीच, पण शहरातला, टाय लावणारा.

"आजी, बाजूला व्हा. भिंत सरकारची आहे."

"सरकारनं चुना चोपला होता काय? वाक जरा. गुडघ्याएवढं खाली बघ. टाय मळत नाही तुझा."

यशपाल वाकला. जुन्या चुन्यात अर्ध्या चंद्रासारखे सात ठसे होते. येता-जाता त्यानं ते कितीदा पाहिले होते.

"नक्षी आहे. फ्रेंच पद्धतीची."

"फ्रेंच!" म्हातारी कडाडली. "हे तुला इस्कोलात शिकवलं? अरे, ही भिंत आपल्या बायकांनी चोपली. दिवस संपला की जिनं तिनं ओल्या चुन्यात मनगट दाबायचं, कुणाचं काम कुठवर झालं ते कामावरच्या सरदाराला कळायला. लिहायला येत होतं कुणाला? हे पीळदार कांकण माझ्या आजीचं. सात ठसे, सात दिवस. मी सहा वर्षांची होते, माझं बोट धरून यातून फिरवलंन तिनं."

यशपालनं एका ठशातून बोट फिरवलं.

"आता तिकडे दारावर बघ. साहेबाचं नाव, साल, वर मुकुट. साहेबानं एक तरी घमेलं उचललं होतं? जागा उरली असती तर घोड्याचंसुद्धा नाव कोरून घेतलं असतं त्यानं. आणि जिनं हात सोलून भिंत उभी केली, तिच्या तोंडावर तू सिमेंट थापतोस. गोऱ्यानं थापलं असतं तर समजले असते. तू आपला असून?"

यशपालचे कान लाल झाले.

"ग्रांमेर खरं बोलते," नंदलाल म्हातारीकडे बघत क्रेओलात पुटपुटला आणि थापी पुसू लागला.

"आजी, मी साहेबांना लिहून देतो," यशपाल शेवटी म्हणाला. "एवढा तुकडा सोडा आणि वर छोटी पाटी लावा म्हणून. पण 'कुणा बाईची खूण' असं लिहिलं तर साहेब हसून कागद फेकतील. नाव पाहिजे."

"नाव दिलं तर भिंत राहील?"

"राहील. नाहीतर दुपारी नंदलाल गिलावा मारणार. माझ्या हातात नाही."

बलरामच्या आईनं पदर सारखा केला.

"नव्वद-पंच्याण्णव वर्षं कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "आता विचारतोस तर लिही. इंद्राणी."

यशपालनं लिहिलं.

"नीट लिही. बोटीवरून उतरल्या दिवसापासून त्या लोकांनी कागदावर आमची नावं मोडली. तू मोडू नकोस."

तो कागद घेऊन आत गेला. ती भिंतीपासून हलली नाही. नंदलालनं पाणी आणून दिलं, तेही तिनं उभ्यानंच प्यायलं. अर्ध्या तासानं यशपाल परत आला. कागदावर साहेबांची सही होती. नंदलालनं काही न विचारता घमेलं उचललं आणि पलीकडच्या भिंतीकडे गेला.

"येते रे," ती म्हणाली. "पाटी वाकडी लागली तर परत येईन."

परतीच्या बसमध्ये चंद्रिकेला पहिल्यांदा कंठ फुटला.

"आजी, पाटी लागली की आपण सगळे बघायला येऊ. इंद्राणी! किती छान नाव. घरात कुणीच कसं सांगितलं नाही मला?"

म्हातारी खिडकीतून उसाकडे बघत होती.

"तिला सगळे आजीच म्हणायचे. नाव मीसुद्धा कधी विचारलं नाही," ती म्हणाली. "इंद्राणी माझं नाव."