सिंधुबाईंना उत्तर

पत्र आलं त्या दिवशी सावळीराम सरांनी ते एकदाच वाचलं, घडी घालून बायबलात ठेवलं आणि विमलाबाईंना म्हणाले, "उद्या उत्तर लिहितो." त्याला आता आठ वर्षं होत आली होती.

वहीच्या फाडलेल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं ते पत्र दिंडोरीच्या सिंधुबाईंचं होतं. एका अपघाताने दोन घरं कायमची एकमेकांना बांधली गेली होती. एक सरांचं, दुसरं सिंधुबाईंचं. 'एकदा घरी या, बसून बोलू,' ही पत्रातली शेवटची ओळ सरांना पाठ होती.

पत्राशेजारी रोहितचा फोटो होता, वर्तमानपत्रातून कापलेला. एकोणीस वर्षांचं पोर. तो गेल्यापासून सर रिक्षातही डोळे मिटून बसत. कोर्टाने कोणालाच दोषी धरलं नव्हतं. वळण वाईट होतं, असं निकालात आलं. सरांना ते कधी पचलं नाही.

"वळणाला काय शिक्षा देणार?" एकदाच ते बायकोला म्हणाले होते.

चर्चमध्ये प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की त्यांचे ओठ मिटत. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला विमलाबाई एकट्याच वेदीपाशी जात. सर बाकावर बसून राहत. मंडळीतलं कोणी त्याबद्दल विचारत नसे.

यंदा दुःखसहन सप्ताहात, म्हणजे गुड फ्रायडेच्या आठवड्यात, मंगळवारी चर्चचे मनोज पाळक इंदिरानगरला त्यांच्या घरी आले.

"जय ख्रिस्त, सर. दिंडोरीला जाऊन आलो."

सरांनी हातातलं पुस्तक मिटलं नाही.

"सिंधुबाईंची नजर चाललीय. डॉक्टर म्हणतात, पावसाळ्यापर्यंत अक्षर दिसेल. पुढचं सांगता येत नाही. त्या म्हणतात, 'सरांचं पत्र आलं तर माझं मी वाचीन. दुसऱ्याच्या तोंडून नाय ऐकायचं मला.'"

"अजून वाट बघतात?"

"रोज पोस्टमनला विचारतात. तो आता लांबूनच मान हलवतो."

"आमच्याकडे तर रोज पत्र लिहिलं जातं, पाळकसाहेब," विमलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "रद्दीवाला खूश आहे."

"विमल!"

"खोटं आहे का? पाच-पाच पानं लिहायची आणि एक शब्द पटला नाही म्हणून फाडायची. ती बाई काय तुमचं शुद्धलेखन तपासणार आहे?"

मनोज हसले. सर हसले नाहीत.

"क्षमा इतकी स्वस्त असते का, मनोज?"

"स्वस्त कुठली? प्रभूचा जीव गेलाय तिच्यासाठी, वधस्तंभावर. म्हणून तर शुक्रवारी जमणार आपण."

"आणि रोहित? त्याचं काय?" सरांनी पुस्तक मिटलं.

पाळक म्हणाले, "त्याला मी परत आणू शकत नाही, सर. तुम्हीही नाही. पण त्याच्यामागे दोन माणसं रोज थोडी थोडी मरतायत. ते तुम्ही थांबवू शकता. बाईंची नजर आहे तोवर."



बुधवारी सकाळी त्यांनी दोन्ही शब्दकोश बायकोच्या हातात दिले. "संध्याकाळपर्यंत देऊ नकोस. मागितले तरी."

"मागितलेत तर शेजारी देऊन येईन," विमलाबाई म्हणाल्या.

सर टेबलापाशी बसले. बसण्याआधी कुरकुरणारे गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली. चांगले शब्द दे, असं आजवर ते मागत आले होते. आज फक्त एवढंच मागितलं, की प्रभू, मला या खुर्चीवरून उठू देऊ नकोस.

पहिलं पान भरलं. त्यांनी ते वाचून पाहिलं. उशिराबद्दल दिलगिरी होती, स्तोत्रांतली वचनं होती, दुःखावर थोरामोठ्यांनी लिहिलेलं होतं. चाळीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढलेल्या माणसाचं पत्र ते. सगळी वाक्यं कुठेतरी वाचलेली. त्यांचं स्वतःचं असं त्यात काहीच नव्हतं.

मग त्यांच्या ध्यानात आलं. आठ वर्षांत फाडलेल्या प्रत्येक पानात ते एका वाक्याला वळसा घालून गेले होते. ते वाक्य त्यांनी मनातसुद्धा कधी पुरं केलं नव्हतं.

दुपारचं जेवण झाकलेलंच राहिलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं. दोनदा खुर्ची मागे सरकली, दोनदा त्यांनीच ती पुढे ओढली.

चार वाजता त्यांनी हाक मारली. "विमल, हे बघ."

विमलाबाईंनी उभ्या उभ्याच वाचलं. मग खाली बसल्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "आता यात एक अक्षर वाढवू नका."

"अक्षर वाकडं आलंय."

"येऊ दे. मोठं आलंय, त्यांना दिसेल."

गुरुवारी सकाळी दोघं चालत पोस्टात गेली. पेटीपाशी सर थबकले. पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

"मी टाकू का?" विमलाबाईंनी विचारलं.

"नको. हे मलाच करायला हवं."

पाकीट आत पडलं. सरांनी पेटीच्या फटीत बोटं घालून ते अडकलं नाही ना, याची खात्री करून घेतली. मग ते म्हणाले, "आज संध्याकाळच्या प्रभुभोजनाला मी तुझ्याबरोबर वेदीपाशी येणार आहे."

पाकिटात तीनच वाक्यं होती. 'सिंधुबाई, मी दिंडोरीला येतो आहे. तुम्ही आठ वर्षांपूर्वी मनापासून केलेली क्षमा घ्यायला येतो आहे. तुमचा रोहित ज्या गाडीखाली गेला, ती गाडी मी चालवत होतो.'