भिंगरी वळत नाही

दाराआडून आधी कार्डं भिरकावल्याचा आवाज आला, मग टाहो. थोड्या वेळाने एक बाप लाथा झाडणाऱ्या मुलाला काखोटीला मारून बाहेर आला. टेबलाशी बसलेल्या बाईंनी त्याच्यापुढे कसलासा फॉर्म सरकवला. मामाला त्या बापाची दया आली आणि, खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. जागा एकच उरली होती.

भिंगरी त्याच्या मांडीवर होती. वय चार, पायाला चाकं. बहीण गेल्यापासून तिला मामाशिवाय कुणी नव्हतं. तीन बालवाड्यांनी तिच्यापुढे हात टेकले होते. चौथीतून ती दोन महिन्यांपूर्वी निसटली आणि थेट बसपुढे जाऊन उभी राहिली.

बालवाडीच्या मोठ्या बाईंनी निर्वाणीचं सांगितलं होतं. या केंद्रात तिची तपासणी करून घ्या. त्यांनी घेतलं, तर त्यांची एक ताई दिवसभर तिच्याजवळ बसेल, मग मी ठेवीन. नाही घेतलं, तर नाव कमी.

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. पोरीला कडेवर घेऊन ते काम होत नाही. मग उरलं बालगृह. तेही तो पाहून आला होता. ओळीने लावलेल्या खाटा बघून तो दारातूनच परत फिरला.

पण दैव कधीकधी लिफ्टमधूनही येतं. याच इमारतीतली लिफ्ट बिघडली. काम अर्ध्या तासाचं, मामाने ते तीन दिवस पुरवलं आणि दाराच्या काचेतून सगळी परीक्षा बघून घेतली. तपासणाऱ्या ताई ‘डोकं’ म्हणाल्या की पायाची बोटं धरायची. कार्डं आधी रंगावरून लावायची, मग अचानक आकारावरून. शेवटी भिंतीकडे तोंड करून बसायचं, मागे खाऊचा पुडा बांधला जाताना मिनिटभर वळून बघायचं नाही.

सहा आठवडे घरात दुसरं काही झालं नाही. सकाळी दात घासताना डोकं-बोटं, संध्याकाळी कार्डं. मामा तिच्या पाठीमागे जुनी वर्तमानपत्रं चुरगाळायचा. सुरुवातीला त्याने कागद उचलायच्या आधीच ती वळायची. तो ओरडला, रडला, हाता-पाया पडला. इतर वेळी पोरगी तशीच होती, कालच तिने शेजाऱ्याच्या मुलाला चावा घेतला होता. पण हे खेळ तिला पाठ झाले.

तपासणाऱ्या ताईंनी आत बोलावलं. मामाने कोपऱ्यात बसायचं, बोलायचं नाही. डोकं-बोटांत एकही चूक नाही. कार्डांत ताईंनी नियम बदलला तशी भिंगरीही बदलली.

मग ती भिंतीकडे तोंड करून बसली. मागे कागद वाजू लागला. तिचे खांदे वर आले, मान जराशी हलली. मनातल्या मनात मामा बहिणीलाच हाका मारत होता. मान पुन्हा सरळ झाली. मिनिट संपलं तेव्हा त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं.

ताईंनी बालवाडीचं पत्र काढलं. यात पळण्याच्या, चावण्याच्या तक्रारी आहेत, घरी कशी असते? त्यांनी विचारलं.

“गरीब गाय आहे हो,” मामा म्हणाला. “मोठ्या बाई राईचा पर्वत करतात.”

“आणि ते बसचं?”

“बस लांब होती. हात सुटला असेल कुणाचा तरी.”

आधी सराव करून घेतला होता का, असंही त्यांनी विचारलं. मामाने भाचीच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हटलं.

ताईंनी सगळं लिहून घेतलं, बेरीज केली आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने हसल्या.

“पैकीच्या पैकी,” त्या म्हणाल्या. “आता निश्चिंत मनाने घरी जा. ज्या मुलांना स्वतःला आवरता येत नाही, त्यांनाच आम्ही घेतो. तुमच्या भाचीला आमची काही गरज नाही.”