इंग्रजीपुढचा आकडा

“सर, तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. बाकी सगळं मी बोलते,” टियोंगे म्हणाली आणि तिने लॅमेक सरांच्या हातात गरम मंदासीची, तळलेल्या गोड वड्यांची, पुडी ठेवली.

झोम्बा शहराला जाणारी मिनीबस अजून भरत होती. टियोंगेला मुख्याध्यापिका म्हणून बढती मिळायची होती आणि त्यासाठी बारावीचं मूळ प्रमाणपत्र हवं होतं. ते तिच्याकडे नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी ते टपालात गहाळ झालं, असं लॅमेक सरांनीच तिला सांगितलं होतं. तेव्हा ते तिचे मुख्याध्यापक होते. आता झोम्बातल्या परीक्षा मंडळाच्या रजिस्टरमधून नक्कल काढायची, तर ओळख पटवायला त्यांनीच यायला हवं होतं.

सकाळी सरांच्या शर्टाची बटणं चुकत होती तेव्हा बायकोने, नाबांडाने, विचारलंही होतं, “अहो, पोरीच्या कामाला निघालात की फासावर?”

प्रमाणपत्र गहाळ झालंच नव्हतं. लॅमेक सरांनी ते पाकीट न फोडताच चुलीत घातलं होतं.

त्यांच्या देशात परीक्षेत एक म्हणजे सर्वांत उत्तम, नऊ म्हणजे नापास. सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाला शिरायचं, तर सहा विषयांत सहा किंवा त्याहून कमी आकडा लागे, आणि त्या सहांत इंग्रजी हवंच हवं. मग सहांची बेरीज करत. ती जितकी कमी, तितकं मोठं दार उघडे.

टियोंगेसारखी पोर त्या शाळेत आधी झाली नव्हती. बाप सरोवरात बुडालेला, आई बाजारात वाळवलेली मासळी विकायची. नेमका इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी तिला हिवताप भरला. ती बसल्या जागी कलंडत होती. लॅमेक सरांनी तिला सायकलवर मागे बसवलं, नाबांडाच्या कमरेच्या कापडाने तिला स्वतःच्या पाठीशी बांधून घेतलं आणि केंद्रावर नेलं.

त्या वर्षी छापील निकालाला उशीर झाला. जिल्हा कचेरीतल्या कारकुनाने घाईघाईत हाताने उतरवलेले नुसते आकडे शाळेत आले. विद्यापीठ तेवढ्यापुरतं मुख्याध्यापकांच्या सहीचं गुणपत्रक चालवून घेणार होतं. टियोंगेचे पाच विषय झकास होते. इंग्रजीपुढे सात.

लॅमेक सरांनी दोन दिवस तो आकडा पाहिला. तिसऱ्या दिवशी गुणपत्रक टाइप करताना त्यांनी तिथे सहा केला. पाच नाही, चार नाही. लागेल तेवढंच पाप करायचं, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

तेव्हापासून त्यांना त्या दुसऱ्या मुलाचा विचार सोडत नव्हता. आपण ज्याची जागा पळवली, तो कोण असेल? मिनीबसमध्ये पैसे गोळा करणारा, रस्त्यात भाजलेली कणसं विकणारा, कुणीही थोडं नीट इंग्रजी बोललं की ते त्याला परीक्षेचं वर्ष विचारायचे.

मिनीबस सुटली. टियोंगे मजेत होती.

“सर, तुम्ही नसता तर आज मी आईच्या जागी मासळीवरच्या माश्या हाकत बसले असते.”

“असं काही नसतं गं.”

“असतंच. एकच राहिलं. डॉक्टरकीला माझी बेरीज चार अंकांनी जास्त भरली. नाहीतर तुमच्या या गुडघ्याकडे मीच पाहिलं असतं.” ती हसली. “जाऊ दे. शिक्षकी तरी मिळाली. वर्गात पोरं माझ्या धाकात असतात.”

सरांच्या हातातली मंदासी तशीच गार झाली.

मंडळाच्या कचेरीत कारकून रजिस्टर आणायला आत गेला. दोघं बाकावर बसली. आता मिनिटभरात तो सात तिच्यासमोर येणार होता. तिला तो परक्या माणसाकडून कळावा, हे सरांना सोसेना.

“टियोंगे, तुला इंग्रजीत सहा नव्हता. सात होता. मी बदलला.”

तिला आधी थट्टाच वाटली. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला.

“आणि माझं प्रमाणपत्र?”

“जाळलं.”

ती भिंतीवरच्या सूचना वाचल्यासारखं करत राहिली. “म्हणजे माझी नोकरी, माझं घर... सगळं दुसऱ्या कुणाचं?”

“दोष माझा आहे. मी आत्ता साहेबांना लिहून देतो. तुला यातलं काही ठाऊक नव्हतं.”

“तुम्हाला पेन्शन मिळते, सर. तुरुंगात जाल.”

“जाईन.”

तिचे डोळे भरून आले, पण तिने हात पुढे केला. “उठा. नको मला ती बढती. आपण घरी जाऊ.”

“नाही. बावीस वर्षं मी घरीच जात होतो.”

तेवढ्यात कारकून परतला. त्याने जाडजूड रजिस्टर खिडकीत आडवं टाकलं आणि पेन्सिलचं टोक ओळींवरून खाली नेलं.

“गणित दोन. जीवशास्त्र तीन. रसायन दोन...” तो वाचत होता. लॅमेक सरांनी उठून खिडकीचा गज घट्ट धरला.

“साहेब, इंग्रजी वाचण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे...”

“थांबा हो बाबा, मध्ये बोलू नका. इंग्रजी, एक.” तो कौतुकाने हसला. “बाई, त्या वर्षी अख्ख्या जिल्ह्यात इंग्रजीत एक मिळवणाऱ्या तुम्ही एकट्याच दिसता.”

“सात,” सर पुटपुटले. “सात आहे तो.”

“नाही हो. त्या काळचे लोक एकाला वरून लांब शेपूट काढायचे, म्हणून तसं वाटतं. शेजारी अक्षरी लिहिलंय बघा. एक.”

टियोंगेने वाकून पाहिलं. मग ती सरळ उभी राहिली आणि वर्गात फळ्यावर बेरीज मांडावी तशा शांत आवाजात म्हणाली,

“तुम्ही पाच वाढवलेत, सर. डॉक्टरकीला माझे चारच जास्त झाले होते.”