मागची ओळ

दिघीला बंदराचं काम वाढलं, तेव्हा धर्माजींनी भाताच्या शेतात कामगारांसाठी खोल्या बांधल्या. मागणी थांबेना, म्हणून भिंतीला भिंत लावून मागे आणखी एक ओळ उभी केली. त्यात पुढच्या खोल्यांच्या खिडक्या बुजल्या.

पावसाळा सरताना पुढच्या खोलीतल्या अवधेशला टीबी निघाला, मग त्याच्या शेजारी झोपणाऱ्या दोघांना. "खोलीत वाराच खेळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पोरांचा श्वास आपणच बुजवला, न्हाय का?" पुतळाबाई नवऱ्याला एवढंच बोलली. धर्माजींनी मागच्या खोल्यांतल्यांना दुसरी जागा बघायला सांगितलं, त्यांची अनामत परत केली आणि अख्खी ओळ पाडून टाकली. पुढच्या खोल्यांना पुन्हा खिडक्या बसवल्या.

थोड्या दिवसांनी ते अवधेशला भेटायला गेले. खिडकीतून खाडीचा गार वारा येत होता.

"आता बरं वाटतं ना रे?"

"वाटतं ना, चाचा," अवधेश हसून सरकला आणि त्यांना बसायला जागा करू लागला.



"फक्त गावात दुसरी खोलीच मिळेना, म्हणून मागची सगळी पोरं आता आमच्यातच झोपतात."